तृतीयपंथीय आणि सार्वजनिक वाणी : वालूरच्या निमित्ताने एक टिपण

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील जुन्या बारवेमुळे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र ती बारव नसून त्या गावच्या, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भरला जाणारा एक साधा कागद, म्हणजे नामनिर्देशनपत्र, हा आहे. त्या कागदावर उमेदवाराचे नाव, वय, पत्ता यांच्या जोडीला लिंगाचा एक रकाना असतो. आणि जागा स्त्रियांसाठी राखीव असेल तर त्या रकान्यातील एका शब्दावर उमेदवारी टिकते किंवा जाते. २०११ मधील दुरुस्तीने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्यामुळे हा रकाना पूर्वी कधी नव्हता इतका महत्त्वाचा होऊन बसला. आता समजा, गाव जिला हिजडा म्हणून ओळखते आणि जी स्वतः स्त्री म्हणून जगते अशा व्यक्तीने वालूरमधील एखाद्या राखीव प्रभागातून अर्ज भरला, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने काय करावे?

प्रश्न कल्पनेतून काढलेला नाही. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक या गावी डिसेंबर २०२० मध्ये तो प्रत्यक्ष उभा राहिला. अंजली गुरू संजना जान (अंजली पाटील या नावानेही त्या परिचित आहेत) यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेकरिता अर्ज दाखल केला. छाननीच्या वेळी, अर्जदार तृतीयपंथी असून तृतीयपंथीयांसाठी जागा राखीव नाही, अशा कारणाने तो फेटाळला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत गावाने त्यांना निवडून दिले. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. म्हणजे भादलीच्या निमित्ताने दिलेले उत्तर वालूरच्या छाननीच्या टेबलावरही तितकेच लागू पडते. हा आदेश मोठा नाही; त्यात तत्त्वज्ञानाचा विस्तार नाही. तरीही, तृतीयपंथीयांना समाजात ‘वाचा’ मिळते म्हणजे नेमके काय घडते, हे समजून घेण्यास तो लांबलचक निकालांहून अधिक उपयोगी आहे असे आमचे मत आहे. त्याचे कारण पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वालूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या मुलखातील जुने महसुली कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना फसली सन नवा नाही. त्या संस्थानात १३२९ फसली साली, म्हणजे इसवी सन १९१९ मध्ये, हिजड्यांविषयी एक स्वतंत्र कायदा करण्यात आला. तो मुख्यतः हैदराबाद शहरासाठी होता. संस्थानातील अन्य ठिकाणी सरकारला तो विशेष आदेशाने लागू करता येत असे. त्याचा मसुदा ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागावरून घेतलेला दिसतो. दोन्हींतील कलमे जवळजवळ सारखी आहेत. दोन्हींचा गाभा एकच, आणि तो म्हणजे नोंदवही. मुलांना पळवून नेणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा ‘अनैसर्गिक’ समजले जाणारे अपराध करणे यांचा ज्यांच्यावर ‘वाजवी संशय’ असेल अशा हिजड्यांची नावे व राहण्याची ठिकाणे सरकारी वहीत लिहून ठेवायची.

एकदा नाव त्या वहीत चढले की पुढचे सारे ओघाने येई. नोंदलेली व्यक्ती स्त्रीचा पोशाख वा दागिने घालून रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी दिसली, किंवा रस्त्यावरून दिसावे अशा हेतूने घरात तशी बसली, तिने सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केले, तर तिला वॉरंटाशिवाय पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही शिक्षा देता येत. सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवल्यासही तितकीच शिक्षा होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्यातील व्याख्येनुसार जो पुरुष स्वतः नपुंसकत्व कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत जो उघडपणे तसा दिसतो, तो या वर्गात येई. म्हणजे त्या व्यक्तीस बोलण्याची मुभा एकाच कामापुरती होती: कबुली देण्यापुरती. आपण कोण आहोत हे सांगण्याचा अन्य कोणताही मार्ग त्या कायद्यात नव्हता. जी कला हे लोक पोटापाण्यासाठी वापरीत, ती नाचगाण्याची कलाच अपराध ठरवली होती.

ब्रिटिश मुलखातील मूळ कायद्याचा हिजड्यांविषयीचा भाग १९११ च्या नव्या कायद्यात उरला नाही. गुन्हेगार जमातींचा कायदाच १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात ज्यांना आपण विमुक्त जाती म्हणतो त्या समाजांना तो दिवस, ३१ ऑगस्ट, आजही स्मरणात आहे. हैदराबादचा कायदा मात्र तेलंगण भागाच्या कायदेपुस्तकात तसाच पडून राहिला. संस्थान गेले, भाषावार राज्ये झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तेलंगणाकडे हा कायदा नाव बदलून चालत राहिला. वैजयंती वसंता मोगली आदींनी २०१८ मध्ये त्याविरुद्ध तेलंगणच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. ६ जुलै २०२३ रोजी मुख्य न्यायमूर्ती उज्ज्वल भुयाँ व न्यायमूर्ती सी. व्ही. भास्कर रेड्डी यांच्या खंडपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. ज्यांच्याविषयी ही वही होती त्यांच्यापैकीच एका व्यक्तीने ती न्यायालयापुढे नेली, याला ९९ वर्षे लागली.

ब्रिटिश अमलापूर्वी सारे काही गोड होते असे यावरून कोणी अनुमान काढील तर तेही बरोबर होणार नाही. पण कागदांचे स्वरूप वेगळे होते हे खरे. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दख्खनमधील हिजड्यांच्या सनदी हक्कांचा अभ्यास केला आहे. मराठा अमदानीत त्यांच्यापैकी काहींना इनाम जमिनी आणि ठराविक मुलखातील रयतेकडून अल्पशी रक्कम मागून घेण्याचा हक्क लिहून मिळालेला होता; आणि तो गुरूकडून चेल्याकडे वारशाने जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने असे मागण्याचे हक्क मान्य करण्यास नकार दिला. वतनाच्या व्यवस्थेत या लोकांचे स्थान खालचे असेल, पण त्या व्यवस्थेत ते हक्कदार होते. सनद दाखवून ते सरकारशी भांडू शकत होते, आणि प्रेस्टन यांना हा इतिहास लिहिता आला तो त्या भांडणाच्या दप्तरामुळेच. पुढच्या काळात सनदेच्या जागी संशयितांची यादी आली. हक्काचा कागद गेला आणि पाळतीचा कागद आला, इतका हा बदल मोठा होता.

येथवर ‘हिजडा’ हा शब्द आपण वापरला. आता शब्दांविषयी दोन वाक्ये लिहिणे अवश्य आहे. मराठी वृत्तपत्रांनी व शासनाने रूढ केलेला शब्द ‘तृतीयपंथी’ हा आहे. संस्कृतात, कामसूत्रात, ‘तृतीया प्रकृती’ अशी संज्ञा आढळते. मराठीने प्रकृतीऐवजी पंथ शब्द निवडला, ही बाब आम्हांस लक्षणीय वाटते. महानुभाव, वारकरी, नाथ यांच्या रांगेत बसणारा हा शब्द आहे. पंथाला गुरू असतो, दीक्षा असते, आचार असतो. आणि हिजड्यांच्या घराण्यांत नायक, गुरू व चेले यांची जी रचना आहे तिच्याशी तो जुळतो. परंतु याच कारणाने तो अपुराही आहे. जी व्यक्ती कोणत्याही गुरूच्या घराण्यात गेली नाही, कचेरीत नोकरी करते आणि जन्माच्या वेळी लावलेली लिंगाची ओळख नाकारते, तिला पंथ नाही. स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या पण पुरुष असलेल्या व्यक्ती तर या शब्दाच्या कक्षेत सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाहीत. त्यांच्यासाठी अलीकडे ‘पारलिंगी’ हा शब्द वापरतात. मराठवाड्यापुरते बोलायचे तर बीड जिल्हा पोलीस दलातील ललित साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा आणि पुढे पुरुष शिपाई म्हणून सेवा मागितली, तेव्हा हा प्रश्न या भागातील वाचकांपुढे प्रथमच ठळकपणे आला. असो. प्रस्तुत टिपणात दोन्ही शब्द प्रसंगानुसार येतील. ‘हिजडा’ हा शब्दही, त्या समाजातील अनेकांनी तो अभिमानाने वापरल्यामुळे, आम्ही टाळलेला नाही.

मराठवाड्यातील आठवडी बाजाराचा अनुभव असणाऱ्यास त्यांची टाळी ओळखीची आहे. पसरलेल्या तळव्यांची ती कडक टाळी वाजली की दुकानदार गल्ल्यातून नाणे काढतो. लग्नात, बारशाला बधाईसाठी ती वाजते. रेल्वेच्या डब्यात वाजते. या समाजाला आवाज नाही असे म्हणणाऱ्याने ती एकदा ऐकावी. आवाज आहे, आणि सर्वांना ऐकूही येतो. पण तो ऐकला जातो तो लवकर बंद व्हावा म्हणून. दुकानदार पैसे देतो ते ऐकून घेतल्याबद्दल नव्हे, पुढे जाण्याबद्दल. दुसरा एक स्वर देवीच्या नावाने येतो. माहूरची रेणुका, सौंदत्तीची यल्लमा यांच्या उपासनेत साडी नेसून, परडी घेऊन जोगवा मागणारे जोगते महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या तोंडून देवी बोलते असे भक्त मानतात, आणि तेवढ्या वेळेपुरता त्यांचा शब्द खाली पडत नाही. अंगात आलेले उतरले की तोच माणूस पुन्हा पंगतीच्या कडेला बसतो. अभ्यासकाने या दोन स्वरांना कमी लेखू नये. पण यांपैकी कोणताही स्वर ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरत नाही, हेही विसरू नये.

सार्वजनिक वाणी या संज्ञेने आम्हांस अभिप्रेत आहे ते हेच: आपण कोण हे स्वतः सांगता येणे, आणि ते सांगणे नोंदले जाऊन त्याचा परिणाम होणे. या अर्थाने चळवळ महाराष्ट्रात सुरू झाली ती मुंबई व पुणे या शहरांत, आणि प्रारंभी आरोग्याच्या निमित्ताने. एड्सप्रतिबंधाच्या कामासाठी ज्या वस्त्यांत शासनाला शिरकाव नव्हता तेथे त्यांच्यातीलच माणसे हवी होती. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये, मालवणी भागात गौरी सावंत यांची सखी चार चौघी ही संस्था २००० मध्ये, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये उभा राहिला. रोगाच्या दाराने आत आलेल्या या कार्यकर्त्यांनी हळूहळू शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, पोलिसांची मारहाण असे विषय काढले. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदारयादीत ‘इतर’ हा पर्याय दिला. पुढे २०१९ मध्ये गौरी सावंत यांनाच महाराष्ट्रात आयोगाच्या सदिच्छादूत नेमण्यात आले.

‘इतर’ हा रकाना मिळणे म्हणजे सारे मिळणे नव्हे, हे २०११ च्या जनगणनेवरून दिसले. लिंगाच्या प्रश्नाला प्रथमच तिसरा पर्याय होता. देशभर ४,८७,८०३ व्यक्ती त्यात मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात ४०,८९१. या आकड्यांचा आधार आजही दिला जातो. परंतु देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ बालके आहेत. एवढ्या लहान मुलाने आपली ओळख सांगितली असेल हे संभवत नाही. कोणी तरी मोठ्याने, कशावरून तरी, ती सांगितली. आणि जी प्रौढ व्यक्ती कुटुंबात राहते तिच्याविषयीची माहितीही बहुधा कुटुंबप्रमुखानेच दिली. रकाना नवा असला तरी उत्तर देणारा जुनाच होता. सांख्यिकी वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही संख्या लोकसंख्येचे माप म्हणून न घेता, कोणाला कोणाविषयी काय सांगावेसे वाटले याचे माप म्हणून घ्यावी.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर दिलेला निकाल या बाबतीत वेगळा आहे. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या प्रकरणात हस्तक्षेपकर्त्या म्हणून न्यायालयापुढे होत्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी असे ठरवले की, आपले लिंग पुरुष, स्त्री की तृतीय हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, आणि शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. १९१९ च्या कायद्यातील वैद्यकीय तपासणीशी ताडून पाहिले म्हणजे या वाक्याचे वजन कळते. न्यायालयाने या समाजास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असेही सांगितले होते. तो भाग बहुतेक राज्यांनी बाजूस ठेवला. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत एक टक्का क्षैतिज आरक्षण दिले, हा अपवाद.

निकालाने काय बदलले हे पाहण्यास दोन नगरे, किंवा एक नगर व एक गाव, शेजारी ठेवावीत. मध्य प्रदेशातील कटनी येथे २००० च्या सुमारास कमला जान या हिजडा उमेदवारास लोकांनी महापौर निवडले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. निवडणुकीस आव्हान मिळाले. कमला जान या पुरुष असल्याने त्या पदास पात्र नाहीत असे न्यायालयाने ठरवले, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. मतदारांनी दिलेली वाचा रकान्याने काढून घेतली. उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या आशादेवी यांच्या बाबतीतही त्याच सुमारास तसेच घडले. भादलीचा प्रश्न नेमका हाच होता, आणि उत्तर उलट आले. न्यायमूर्ती घुगे यांनी २०१४ चा निकाल आणि २०१९ चा केंद्रीय कायदा यांचा आधार घेतला. अर्जदाराने आपण स्त्री म्हणून ओळख स्वीकारली असून पुढे केवळ संधी साधण्यासाठी पुरुष म्हणून अर्ज करणार नाही, असे निवेदन केले होते; तेही आदेशात नमूद आहे. म्हणजे उमेदवाराचे स्वतःविषयीचे विधान न्यायालयाने पुरावा म्हणून स्वीकारले आणि तिला त्या विधानाशी बांधूनही घेतले. कबुली आणि निवेदन यांतील अंतर हेच आहे.

या आदेशावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. अंजली पाटील निवडून आल्या त्या स्त्री म्हणून. तृतीयपंथी म्हणून जगणाऱ्या आणि स्त्री म्हणवून घेण्याची इच्छा नसणाऱ्या व्यक्तीस या निर्णयाचा काय उपयोग? तिला राखीव जागा नाहीच. सर्वसाधारण जागा खुली आहे, पण तेथे पैसा आणि भावकी लागते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील तरंगफळ येथे २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे थेट सरपंच म्हणून निवडून आले हे खरे. पण त्यांच्यासारखी उदाहरणे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शिवाय स्त्रियांच्या संघटनांतून असा प्रश्न विचारला जातो की, मोठ्या कष्टाने मिळालेल्या राखीव जागांत आणखी वाटेकरी का? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तृतीयपंथीयांस बाहेर ठेवण्यात नसून क्षैतिज आरक्षणाच्या मागणीत आहे, जी मागणी महाराष्ट्रातील कार्यकर्ते सातत्याने करीत आले आहेत. तोवर भादलीचा मार्ग अरुंद असला तरी तो मार्ग आहे, आणि त्यावरून एक व्यक्ती प्रत्यक्ष चालून गेली आहे.

रकान्याची ही कथा ग्रामपंचायतीपुरती नाही. २०२२ मध्ये राज्यात पोलीस शिपायांची भरती निघाली तेव्हा संगणकीय अर्जात स्त्री व पुरुष असे दोनच पर्याय होते. तिसरा पर्याय नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. नाकारणारा अधिकारीही समोर नसतो की ज्याच्याशी वाद घालावा. प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने आणि मग त्या वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने शासनास बजावल्यावर तो पर्याय घालण्यात आला.

२०१९ च्या केंद्रीय कायद्याविषयी सविस्तर लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. मूळ कायद्याने स्वतःला जाणवणारी लिंग-ओळख मान्य केली, पण त्या ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घेण्यास सांगितले. २०२० च्या नियमांनी ते शपथपत्रावर, वैद्यकीय तपासणीवाचून, द्यावे असे ठरवले. स्त्री वा पुरुष असा बदल नोंदवायचा असल्यास मात्र शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. २०१४ च्या निकालाशी हे जुळत नाही, ही टीका तेव्हाच झाली. दोन कलमे मात्र आमच्या विषयाशी विशेष निगडित आहेत. एक, मूळ कायद्यात लैंगिक अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराच्या शिक्षेशी तुलना करता पीडित व्यक्तीच्या तक्रारीचे मोल त्यात किती धरले होते ते उघड होते. दुसरे, कुटुंब म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकाने जोडलेली माणसे, अशी व्याख्या केली. गुरूच्या घरात तीस वर्षे राहिलेली, गुरूची शुश्रूषा केलेली, त्याच्या चेल्यांना पोसणारी व्यक्ती या व्याख्येनुसार एकटी आहे. मराठा अमदानीच्या सनदेत गुरू-चेल्याचा वारसा मान्य होता हे वर सांगितलेच आहे. एकविसाव्या शतकातील कायद्याने तो ओळखला नाही.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथे नमूद करतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी जोगतिणी आणि जोगते यांचे जग मराठी वाचकांपुढे आणले. त्यांच्या आधाराने २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट निघाला. हे लेखन सहानुभूतीचे आणि माहितगाराचे आहे, परंतु ते ‘त्यांच्याविषयी’ आहे. लक्ष्मी त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. मी हा शब्द दोनदा असलेल्या पुस्तकाची लेखणी दुसऱ्या हाती होती, याचा दोष कोणास देण्याचे कारण नाही. पण दया पवारांचे ‘बलुतं’ किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ यांच्याशी तुलना केली म्हणजे फरक जाणवतो: तेथे बोली, चूक, शिवी, मौन हे सारे लेखकाच्या स्वतःच्या निवडीचे होते. दिशा पिंकी शेख यांच्या कवितेपासून, ‘कुरूप’ या त्यांच्या संग्रहापासून, ही निवड तृतीयपंथी कवीच्या हाती आली असे म्हणता येईल. त्याच दिशा शेख पुढे एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या झाल्या. प्रवक्ता म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने बोलणारा. ज्यांच्या वतीने नेहमी दुसरेच बोलत, त्यांच्यातील एक व्यक्ती इतरांच्या वतीने बोलू लागली, ही घटना आमच्या साहित्याच्या इतिहासातही नोंदली गेली पाहिजे.

शहरांतील या घडामोडींचा वालूरशी संबंध कोणता, असे विचारले जाईल. २०२० मध्ये राज्यात तृतीयपंथीयांचे कल्याण मंडळ झाले, २०२४ मध्ये स्वतंत्र धोरण आले; पण सेलू तालुक्यातील व्यक्तीस यातील काहीही मिळायचे तर कागदांची सुरुवात गावापासून होते. रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, मतदारयादी. आणि पुष्कळदा ती व्यक्ती गावात नसते. पंधरा-सोळा वर्षांची असताना घरातून निघालेली किंवा काढून दिलेली, ती मोठ्या शहरात गुरूकडे राहते. घरच्या शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते. शहरात भाड्याचे घर कोणी लेखी देत नाही. पत्त्यावाचून ओळखपत्र नाही, ओळखपत्रावाचून पत्ता नाही. चळवळीतील कार्यकर्त्यांचे निम्मे दिवस मोर्चात नव्हे, अशा फेऱ्यांत जातात, हे या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे.

गावात जी राहिली तिला मात्र एक हक्क कोणत्याही आरक्षणावाचून आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सदस्य. वर्षातून किमान चार वेळा ही सभा भरावी असे बंधन आहे, आणि तिच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. स्त्रियांच्या त्या सभेला गावातील तृतीयपंथी मतदारास बोलवायचे की नाही, हा निर्णय ग्रामसेवकाने दवंडीच्या दिवशीच घ्यावयाचा असतो. भादलीच्या आदेशातील तर्क लावला तर जी स्वतःस स्त्री म्हणवते तिला बोलावलेच पाहिजे. उपस्थितीपटावर तिने सही केली आणि बोलली तर ते इतिवृत्तात लिहिलेच पाहिजे. परभणी जिल्ह्यातील काही गावांचे उपस्थितीपट मागवून त्यांत अशी एक तरी सही सापडते का, हे पाहण्याचे काम कोणा विद्यार्थ्यास हाती घ्यावयाचे असल्यास ते एका सत्रात होण्याजोगे आहे.